बारा आणि एकवीस

"मॅडम, साडेतीन हजार नाही. सहा हजारांच्या वर गेलेत," तिसऱ्या बाकावरून मोहिनी म्हणाली, आणि फळ्यावर आकडा लिहिणारा हेमांगीचा हात थांबला. बारावी सायन्सचा वर्ग, सोमवार, तिसरा तास. प्रकाशाचा धडा चालू होता. या धड्यात हेमांगी दरवर्षी पाच मिनिटं बाजूला जायची, सूर्यमालेबाहेरच्या ग्रहांविषयी सांगायची, त्यांचा आकडा फळ्यावर लिहायची आणि परत अभ्यासक्रमावर यायची. आकडा तिच्या वहीतला होता. वही आठ वर्षांपूर्वीची होती. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "हिला कॉलेजात यायला टाइम नाही, अन् ग्रह मोजत बसते!" वर्ग हसला. मोहिनीही हसली, पण उशिरा, बाकीच्यांचं हसू संपत आल्यावर. हेमांगीने तळहाताने आकडा पुसला आणि सहा हजार लिहिले. "कुठे वाचलंस?" तिने विचारलं. "मोबाइलवर, मॅडम. सप्टेंबरातच झाले." एवढं बोलून मुलगी खाली बसली आणि वहीत बघू लागली. तास संपल्यावर हेमांगी नळाखाली हात धरून उभी राहिली. खडू निघून गेला तरी बोटांना कोरडेपणा राहिला. आठ वर्षं ती एक चुकीचा आकडा शिकवत होती, हे तिला तितकंसं लागलं नव्हतं. आकडे जुने होतात. लागलं ते हे, की तो वाढतोय हे तिला ठाऊक असूनही तिने एकदाही जाऊन पाहिलं नव्हतं, आणि ते न पाहणं आळसातून आलेलं नव्हतं.

तेरा वर्षांपूर्वी ती पुण्याहून धुळ्याला निघाली तेव्हा यादीत आठशेसुद्धा ग्रह नव्हते. ती रोज सकाळी चहाआधी यादी बघायची. तिचं संशोधनाचं काम सोपं होतं, म्हणजे सांगायला सोपं. अवकाशातल्या एका दुर्बिणीने ताऱ्यांचा प्रकाश वर्षानुवर्षं मोजून ठेवला होता. एखादा ग्रह ताऱ्यासमोरून गेला तर तो प्रकाश काही तास किंचित उतरतो, हजारात एखाद्या भागाने, आणि पुन्हा वर येतो. ग्रह फिरून आला की पुन्हा उतरतो. ठरावीक दिवसांनी उतरला तर ग्रह. कसाही, केव्हाही उतरला तर दुसरं काहीतरी: ताऱ्यावरचे डाग, यंत्राचा दोष, शेजारच्या ताऱ्याचा गोंधळ. तिच्या वाट्याला एकतीस तारे आले होते. ती त्यांचे आलेख पडद्यावर ताणून बसायची आणि खाचा मोजायची. तिचे मार्गदर्शक म्हणायचे, खरा ग्रह सुटला तरी चालेल, खोटा यादीत जाता कामा नये. हे वाक्य तिला इतकं पटलं होतं की पुढे ते तिने सगळीकडेच वापरलं. मग धुळ्यात तिच्या वडिलांना, आबांना, अर्धांगाचा झटका आला. पंधरा दिवसांची रजा टाकून ती गेली, महिनाभराने सामान न्यायला पुण्याला आली, आणि त्या तीन दिवसांत तिने एकतीस ताऱ्यांपुढे एकतीस शेरे लिहून काम पुढच्या माणसाच्या हवाली केलं. शेवटच्या रात्री तर तिने उभ्यानेच शेरे लिहिले होते, पाठीला सॅक लावून. आबा पुढे चार वर्षं होते. तोवर जळगावची ही नोकरी लागली होती. पंधरा दिवसांची रजा संपली असं तिला कधी कुणी सांगितलं नाही.

सोमवारी घरी आल्यावर तिने यादी उघडली. वरच्या कोपऱ्यात आकडा होता, मोहिनीने सांगितला तसा. हेमांगी खाली, खाली जात राहिली, काही शोधत नसल्यासारखी, आणि मग तिने शोधायच्या चौकटीत तिच्या एकतीसांतल्या एका ताऱ्याचा क्रमांक टाकला. तेरा वर्षांत तिने तो कुठेही लिहिलेला नव्हता. बोटांनी तो बरोबर टाकला. पडद्यावर दोन ओळी आल्या. एकाच ताऱ्याचे दोन ग्रह, तीन वर्षांपूर्वी निश्चित झालेले. तिने सोबतचा लेख उघडला. आलेख ओळखायला तिला एक क्षणही लागला नाही. माणसाचा चेहरा ओळखावा तसा तो आलेख तिने ओळखला, त्या खाचा, ती मधली रिकामी जागा जिथे दुर्बिणीने मोजमाप केलेलं नव्हतं. फक्त आता अर्ध्या खाचांवर निळा ठिपका होता आणि अर्ध्यांवर लाल. निळे निळ्यांपासून सारख्या अंतरावर होते. लाल लालांपासून. तिने त्या वेळी सगळ्या खाचा एकाच ग्रहाच्या धरून अंतर काढायचा प्रयत्न केला होता, ते जुळलं नाही, आणि तिने लिहिलं होतं: अनियमित. ग्रह नाही.

तेवढ्यात धुळ्याहून आईचा फोन आला. "काय करी राहिनी?" भिकुबाई नेहमीसारखं विचारत होती. हेमांगी म्हणाली, काही नाही, वाचत बसलेय. "जेवनी का?" जेवणार आहे. आवाज असा का, असं आईने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता म्हणाली, "ठेव आते. नळ उना." नळाला पाणी आलं होतं; फोन बंद झाला. हेमांगी हसली. आईच्या आयुष्यात नळापुढे कुणाचंच काही चालत नसे; आबांना दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशीही आई दारात ओवाळायच्या आधी मोटर लावायला धावली होती. ती पुन्हा पडद्याकडे वळली. दोन ग्रह. आपण नाही म्हटल्याने त्यांना काही फरक पडला नव्हता, ते फिरतच होते, हे तिने स्वतःला दोनदा सांगितलं. खरं होतं. पण एक शब्द मात्र तिला बसू देईना. तो शब्द तिने गेल्या शनिवारीच पुन्हा लिहिला होता, दुसऱ्या कागदावर.

तो कागद कमी हजेरीच्या मुलांचा होता. पंच्याहत्तर टक्क्यांच्या खाली हजेरी असलेल्यांची नावं नाशिकला बोर्डाकडे जायची, आणि नाव गेलं की त्या मुलाला फेब्रुवारीत परीक्षेला बसता येण्याची खात्री नसायची. वर्गशिक्षिका म्हणून यादी तिने करायची, ऑफिसातल्या हितेंद्रने टाइप करायची आणि येत्या शुक्रवारी सकाळी नाशिकला घेऊन जायची. पाच नावं होती. त्यात एक मोहिनीचं. जुलै ते नोव्हेंबर एकशेआठ दिवस कॉलेज चाललं, त्यात ती ऐंशी दिवस हजर होती. एक्याऐंशी असती तर बरोबर पंच्याहत्तर टक्के झाले असते. हितेंद्रने तेव्हाच कॅल्क्युलेटर तिच्यापुढे सरकवला होता. "एका दिवसाचा प्रश्न आहे मॅडम. एका ए-चा पी करा. नुसतं पेन लागतं." "ती नव्हती त्या दिवशी, हितेंद्रभाऊ." "ती नव्हती हे तिला माहीत, तुम्हाला माहीत अन् मला माहीत. तिघंही कोणाला सांगणार नाहीत!" तिने मान हलवली होती. मोजलेल्या गोष्टीला हात लावायचा नाही, एवढं तरी तिने स्वतःजवळ ठेवलं होतं. आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: अनियमित गैरहजर. कारण समजले नाही.

मंगळवारी मधल्या सुट्टीत तिने हजेरीपट घेतला आणि प्रयोगशाळेतला आलेखाचा कागद. शिपाई पितांबर चहा ठेवून गेला, तो निवला. एक जुलै म्हणजे पहिला दिवस धरून ती मोहिनीच्या गैरहजेरीचे दिवस मांडत गेली. हजर असेल तिथे रेघ सरळ, नसेल तिथे खाली खाच. रविवार आणि सुट्ट्या तिने मोकळ्या सोडल्या. तिथे मुलगी कुठे होती हे कुणी मोजलेलंच नव्हतं. कागद भरला तेव्हा तो खरोखरच अनियमित दिसत होता. तिला थोडं हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची लगेच लाज वाटली. मग तिला दिसलं की काही खाचा तीन दिवस रुंद आहेत. तिसरा दिवस, चोविसावा, पंचेचाळिसावा, सहासष्टावा, सत्याऐंशीवा, दिवाळीच्या सुट्टीनंतर एकशेएकोणतिसावा आणि एकशेपन्नासावा: प्रत्येक वेळी गुरुवारी सुरू, शनिवारी संपलेली; पंधरा ऑगस्टलाही झेंडावंदनाची हजेरी होतीच. एकवीस दिवस. तिने त्यांवर निळ्या पेनने ठिपके दिले. उरल्या एकेका दिवसाच्या अरुंद खाचा. आठ, बत्तीस, चव्वेचाळीस, छप्पन्न, ऐंशी, ब्याण्णव, दिवाळीच्या सुट्टीनंतर एकशेचाळीस. आठ आणि बत्तीसच्या मध्ये वीस यायला हवा होता. तिने कॅलेंडर पाहिलं, वीस जुलै रविवार होता. छप्पन्न आणि ऐंशीच्या मध्ये अडुसष्ट हवा होता. तो निळ्या खाचेच्या तिसऱ्या दिवसात बुडाला होता. बारा दिवस. तिने लाल पेनने त्यांवर ठिपके दिले. तिने नखाने कागदावर पुढे मोजलं. पुढची अरुंद खाच एकशेचौसष्टावा दिवस. अकरा डिसेंबर. परवा.

परवा ती येणार नाही. हे इतकं स्वच्छ होतं की हेमांगीला आनंद झाला, पुण्यात व्हायचा तसा, पोटातून वर येणारा, आणि तो खाली बसायच्या आतच तिला कळलं की आपण एका सतरा वर्षांच्या मुलीला पाच महिने समोर बसवून काहीही विचारलेलं नाही. वर्गात ब्याण्णव मुलं होती. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं होतं की गैरहजर राहायचं असेल तर अर्ज द्या, कारण लिहा. मोहिनीने अर्ज दिला नाही, हेमांगीने विचारलं नाही, दोघींनी नियम पाळला. एकवीस दिवस म्हणजे काय, हे तिला साधारण कळलं; शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका बाईंचं तसंच चालू होतं, दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन, मग तीन दिवस घरात कुणाचा आवाज नाही. पण बारा? बारा दिवसांनी काय येतं? बाजार आठवड्याने भरतो. एकादशी पंधरा दिवसांनी येते. कुणी पाहुणा, कुणी भगत, एखादा वाईट माणूस? तिच्या डोक्यात नको ते येऊ लागलं. बुधवारी प्रयोगशाळेत मोहिनी भिंग पुसत असताना ती तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मुलीच्या तळहातांवर, बोटांच्या मुळाशी, घट्टे होते. "उद्या येणार आहेस ना?" हेमांगीने विचारलं. तिला दुसरंच काहीतरी विचारायचं होतं. मोहिनीने भिंग प्रकाशात धरून पाहिलं. "हो मॅडम. येणार ना." ती खोटं बोलली ते हेमांगीला कळलं, आणि तरीही ती पुढच्या टेबलाकडे वळली. रात्रभर तिला वाटत राहिलं की आपण तो कागद खरा ठरायची वाट बघतोय.

गुरुवारी तिसऱ्या बाकावरची जागा रिकामी होती. हेमांगीने हजेरी घेतली, मोहिनीच्या नावापुढे ए लिहिला, तास पूर्ण केला, हितेंद्रला सांगितलं की मी मोहिनीच्या गावाला, बोदवडकडे जाऊन येते, यादी टाइप करा पण सही मी आल्यावर, आणि स्टेशनवर आली. गाडीत ती खिडकीशी बसली. भुसावळ गेलं. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या लांबून दिसू लागल्या आणि बराच वेळ दिसत राहिल्या. गाडी पुढे जात होती तरी त्या जागच्या हलत नव्हत्या. तिच्या पर्समध्ये आलेखाचा कागद घडी घालून होता. आपण त्या घरात जाऊन काय म्हणणार? तुमच्या मुलीचा बारा दिवसांचा काळ निघालाय? दारात कुणी पुरुष उभा असला आणि त्याने विचारलं, तुम्हाला काय करायचंय, तर? आबांच्या आजारपणात पुण्याहून कुणी असं धुळ्याला आलं असतं तर तिने त्याला बसायला दिलं असतं का? कुणी आलं नव्हतं. दोन ईमेल आली होती, सभ्य, आणि तिने दोन्हींना सभ्य उत्तरं दिली होती. बोदवडला उतरून तिने रिक्षा केली. गाव आठ किलोमीटर होतं. दुतर्फा कापूस वेचून झालेली शेतं, बोंडांच्या रिकाम्या वाट्या, आणि मग अचानक गल्लीच्या तोंडाशीच रिक्षा थांबली, कारण पुढे जायला जागा नव्हती.

गल्ली पाइपांनी भरली होती. हिरवे, निळे, काळे, एकमेकांवरून गेलेले, आणि प्रत्येक दारात एक मोटर घुरघुरत होती. ड्रम, टाक्या, हंडे, कळश्या, दुधाच्या बरण्या, एका ओट्यावर तर लहान मुलाचा टब आणि प्रेशर कुकर. बायका ओरडत होत्या, हसत होत्या, कुणाचा तरी पाइप निसटून भिंत भिजवत होता आणि त्यावरून भांडण लागलं होतं. हेमांगी जागीच उभी राहिली. जळगावात तिच्या बिल्डिंगला दोन दिवसांआड पाणी यायचं, ती त्यासाठी गजर लावायची, परीक्षेच्या पेपरांची तपासणीसुद्धा पाण्याचा दिवस टाळून ठेवायची. आईने तर परवाच नळासाठी फोन ठेवला होता. आणि बारा दिवसांनी काय येतं याचा विचार करताना तिला भगत सुचला होता. तिने पर्सवर हात ठेवला. आतला कागद तिला एखाद्याच्या पत्रासारखा वाटला, चोरून वाचलेल्या.

"कोन पाह्यजे?" एका ओट्यावरून म्हाताऱ्या बाईने विचारलं. "मोहिनीचं घर?" "आव मोहिनी! तुया कॉलेजच्या बाई आल्या वाटतं!" मोहिनी टाकीवर चढलेली होती, ओढणी कमरेला खोचलेली, दोन्ही हातांत पाइप. ती हेमांगीकडे बघत राहिली आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. "मॅडम, मी उद्या येणार होते," ती म्हणाली. "यादी जाणारे का?" तिला माहीत होतं. पाचही जणांना माहीत असणार. हेमांगी म्हणाली, "खाली उतर आधी, पडशील." "उतरता येत नाही मॅडम. दोन वाजता जातं. अजून तीन ड्रम आहेत, अन् बेबाआजीची टाकी." म्हाताऱ्या बेबाबाईने हेमांगीला नीट न्याहाळलं. "उभ्या काय रायल्या? धरा हा पाइप. बारा दिसानं येतं ते. जावाई बी इतक्या दिसानं नही येत, अन् आला तं इतका मान नही भेटत त्याले!" गल्लीतल्या दोघी-तिघी हसल्या. पाइप हेमांगीच्या हातात आला होता. थंड होता, जिवंत होता, आणि त्याला अपेक्षेपेक्षा जास्त जोर होता.

दारातून आतला पलंग दिसत होता. त्यावर रत्ना, मोहिनीची आई, उशीला टेकून बसली होती, डोक्याला सुती रुमाल घट्ट बांधलेला. रुमालाखाली केस नव्हते. "बसायला बी सांगता येत नही तुमाले," ती म्हणाली. "वजन उचलायचं नही सांगितलंय मले. हिचे पप्पा नरडाण्याले कंपनीत, रविवारी येतात. अन् नळाले काय रविवार कळतो का?" हेमांगी म्हणाली, बरं असू द्या, आणि मग, मोहिनी पाइप दुसऱ्या ड्रमात टाकत असताना, तिने शेवटी विचारलं. "मला सांगितलं का नाहीस?" मोहिनीने खांदे उडवले. "मम्मीचं कोणाला सांगितलेलं तिला आवडत नाही. केसांचं वगैरे." "आणि हे?" "हे?" मुलीने गल्लीकडे पाहिलं, जणू मॅडम कशाविषयी विचारतायत हेच तिला कळलं नव्हतं. "पाण्याचा अर्ज कसा लिहायचा मॅडम? सगळ्यांकडेच येतं." थोड्या वेळाने ती म्हणाली, "ड्रम भरेपर्यंत बसूनच असते ना. दवाखान्यातपण नंबर येईपर्यंत बसायचं. मग ते ग्रहांचं बघते. रोज एखाद-दुसरा वाढतो. बरं वाटतं." काय बरं वाटतं, हे तिने सांगितलं नाही. हेमांगीने विचारलंही नाही. हे मात्र तिला न विचारता कळलं.

भिंतीवर कॅलेंडर होतं. काही तारखांभोवती निळा गोल, काही तारखांवर पाण्याचा थेंब काढलेला, पोरीच्या हाताने, नेटका. रत्नाच्या उशाशी दवाखान्याची फाइल होती. हेमांगीने एक हात पाइपवर ठेवूनच पर्समधून आलेख काढला, दातांनी घडी उलगडली आणि त्या भिंतीशी ताडून पाहिला. सगळे ठिपके बरोबर होते. फक्त तिच्या कागदावर जिथे मोकळी जागा होती, रविवारी, सुट्टीत, तिथेही इथे थेंब होते. वीस जुलैच्या रविवारी, दिवाळीच्या भाऊबीजेनंतरच्या दिवशी. कुणी मोजत नव्हतं तेव्हाही ती इथेच होती, टाकीवर, हातात पाइप घेऊन.

फोन वाजला. हितेंद्र होता. "मॅडम, प्रिंट काढतोय. त्या पोरीचं काय करायचं? प्राचार्यसाहेब म्हणतात कारण पटण्यासारखं असलं तर शिफारस करून पाठवू, पुढे नाशिकवाले बघतील. नाहीतर माझं ऐका, तो एक ए..." "नको," हेमांगी म्हणाली. "ए राहू द्या. आजचाही लावलाय मी. शिफारस लिहायची. अनियमित शब्द काढा. नियमित लिहा. कारणं दोन आहेत. आईची इंजेक्शनं, दर एकवीस दिवसांनी, फाइलच्या झेरॉक्सा मी आणतेय. आणि पाणी, दर बारा दिवसांनी." पलीकडे हितेंद्रने प्रिंटर थांबवला. "पाणी? पाण्याचा दाखला कुठून आणायचा मॅडम?" "कॅलेंडर आणते." "आणि रकाना एकच आहे. दोन कारणं मावत नाहीत." "मधून रेघ मारा," ती म्हणाली. टाकीवरून मोहिनी तिच्याकडे बघत होती, पाइपातलं पाणी ड्रमाच्या काठावरून ओघळू लागलं होतं आणि बेबाबाई ओरडत होती की पानी वाया चाललं, पानी!

हेमांगीने पाइप पुढच्या ड्रमात टाकला. बाहीपर्यंत ती भिजली होती. "ठीक आहे, मारतो रेघ," हितेंद्र म्हणाला. "मग बाकीची चार नावं तशीच ठेवू ना? त्यांनापण तुम्ही तेच लिहिलंय. अनियमित, कारण समजले नाही." पाइपातला जोर कमी होत चालल्याचं तिला तळहाताला कळलं. दोन वाजायला आले असावेत. गल्लीतल्या मोटरी एकेक करून बंद पडत गेल्या, आणि त्या शांततेत तिला एकतीस शेरे आठवले, उभ्याने लिहिलेले, पाठीला सॅक लावून. त्यातला एकच तिने परवा उघडून पाहिला होता.

"मॅडम? ऐकताय ना? सही करायला तुम्ही येणार, तोवर चार नावं फायनल करू का?"

"थांबा," ती म्हणाली. "काही फायनल करू नका. मी मिळेल त्या गाडीने येतेय. हजेरीपट माझ्या टेबलावर काढून ठेवा, हितेंद्रभाऊ. आणि आलेखाचे चार कागद."